संकलन, समांतर संगणनातील

एखादी मोठी गणना अनेक कार्यांत वाटून दिल्यावर प्रत्येक कार्याने स्वतंत्रपणे काढलेली फलिते एकत्र आणून त्यांपासून बेरीज, महत्तम, लघुतम यांसारखे एकच फलित तयार करण्याची क्रिया. समांतर संगणनात अनेक प्रक्रियक एकाच वेळी काम करतात. त्यांपैकी प्रत्येकाजवळ त्याच्या वाट्याची माहिती व त्याची स्वतःची स्मृती असते. शेजारच्या प्रक्रियकाजवळ काय आहे हे त्याला संदेश आल्याखेरीज कळत नाही. यामुळे वाटून दिलेले काम कितीही वेगाने झाले, तरी अखेरीस सर्व तुकड्यांची सांगड घालावीच लागते. भास्कराचार्यांच्या लीलावती (११५०) या ग्रंथात बेरजेला ‘संकलित’ अशी संज्ञा आहे. मराठीत ‘संकलन’ या शब्दाने बेरीज व एकत्रीकरण असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात आणि प्रस्तुत क्रियेत ते दोन्ही अभिप्रेत आहेत.

या क्रियेचा इतिहास संगणकाहून जुना आहे. तिच्यापुढील तीन मूलभूत प्रश्नही जुनेच आहेत : मागे राहिलेल्यासाठी इतरांनी किती थांबावे, आकडे कोणत्या क्रमाने मिळवावेत आणि मिळविताना कोणती क्रिया वापरावी. परभणी जिल्ह्यातील गावगोषवाऱ्यापासून पुण्यातील महासंगणकांपर्यंत हे प्रश्न निरनिराळ्या रूपांत पुढे येत राहिले. त्यांच्या उत्तरांवर पावसाचा अंदाज, पीकविम्याची भरपाई यांसारख्या व्यावहारिक बाबी अवलंबून असतात.

गोषवाऱ्याची परंपरा : पेशवाईच्या दप्तरात तपशीलवार हिशेबावरून काढलेल्या सारांशास ‘तेरीज’ म्हणत. गावांच्या हिशेबांवरून परगण्याचा व परगण्यांच्या हिशेबांवरून प्रांताचा हिशेब उभा राही. परभणी हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पहिले सालारजंग (दिवाणपदाची कारकीर्द १८५३–८३) यांनी जिल्हाबंदी अंमलात आणली. तीनुसार पटवारी, गिरदावर, तहसीलदार व अव्वल तालुकदार अशी महसुली उतरंड स्थिर झाली. पीकपाहणी, पर्जन्य, जमाबंदी यांचे आकडे गावात जन्म घेत आणि प्रत्येक पायरीवर त्यांचा गोषवारा होऊन ते वर चढत. प्रत्येक अधिकाऱ्यास फक्त आपल्या हाताखालील थोड्या आकड्यांची बेरीज करावी लागे. संपूर्ण जिल्ह्याचा तपशील कोणा एकासमोर कधीच येत नसे. आधुनिक परिभाषेत ही वृक्षाकार संकलनाचीच रचना होय.

हैदराबाद संस्थानात पहिली जनगणना १८८१ मध्ये झाली. भारतातील १९०१ च्या जनगणनेत चिठ्ठी-पद्धत अवलंबिण्यात आली. प्रत्येक व्यक्तीसाठी एक चिठ्ठी तयार करून त्या चिठ्ठ्यांची वर्गवार विभागणी व मोजणी करण्यात येई. अमेरिकेत हेच काम १८९० च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथ (१८६०–१९२९) यांच्या छिद्रपत्र यंत्रांनी झाले होते. दोन्ही पद्धतींत मोजणी अनेक हातांनी किंवा यंत्रांनी स्वतंत्रपणे होई आणि मग फलिते एकत्र केली जात.

भारताच्या २०११ च्या जनगणनेत या रचनेचे सामर्थ्य व तिची मर्यादा दोन्ही दिसून आल्या. सु. २७ लाख प्रगणक व पर्यवेक्षक या कामी लागले होते. प्रगणकांनी काढलेले संक्षिप्त आकडे पायरीपायरीने वर पाठवून गणना संपल्यानंतर महिन्याच्या आत, म्हणजे ३१ मार्च २०११ रोजी देशाची तात्पुरती लोकसंख्या १,२१,०१,९३,४२२ अशी प्रसिद्ध करण्यात आली. मूळ पत्रकांवर संगणकाद्वारे प्रक्रिया होऊन अंतिम आकडा १,२१,०८,५४,९७७ असा निश्चित झाला. परभणी जिल्ह्याची अंतिम लोकसंख्या १८,३६,०८६ भरली. देशपातळीवरील दोन आकड्यांत ६,६१,५५५ चा फरक आहे. एकूण संख्येच्या मानाने तो अल्प असला, तरी त्वरित संकलन व पूर्ण तपशिलावरून केलेले संकलन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यावरून स्पष्ट होते.

वृक्षाकार संकलन : परभणी जिल्ह्यातील आजच्या नऊ तालुक्यांचे उदाहरण घेतल्यास संगणकातील कार्यपद्धती ध्यानी येईल. प्रत्येक तालुक्याजवळ एक आकडा असून त्या सर्वांची बेरीज परभणीस हवी आहे, असे समजावे. उरलेल्या आठ तालुक्यांनी आपापले आकडे थेट परभणीस पाठविले, तर परभणीस ते एकामागून एक घ्यावे लागतील आणि आठ पायऱ्यांत बेरीज पुरी होईल. या काळात बाकीचे तालुके रिकामे राहतील.

याऐवजी पहिल्या पायरीत जिंतूरने सेलूस, पाथरीने मानवतास, सोनपेठने गंगाखेडास व पूर्णेने पालमास एकाच वेळी आपले आकडे द्यावेत. दुसऱ्या पायरीत सेलूने आपली बेरीज मानवतास व पालमने गंगाखेडास द्यावी. तिसऱ्या पायरीत गंगाखेडने ती मानवतास द्यावी आणि चौथ्या पायरीत मानवतने परभणीस द्यावी. बेरजा पूर्वीप्रमाणे आठच झाल्या. परंतु पायऱ्या आठाऐवजी चार लागल्या. कार्यांची संख्या वाढते तसा हा लाभ झपाट्याने वाढतो. चौसष्ट कार्यांसाठी ६३ पायऱ्यांऐवजी ६ व १,०२४ कार्यांसाठी १,०२३ पायऱ्यांऐवजी १० पुरतात. कार्यांची संख्या दुप्पट झाली, की केवळ एक पायरी वाढते.

कित्येकदा फलित एकाच कार्यास पुरेसे नसते. पुढील गणनेसाठी ते सर्वांनाच लागते. अशा वेळी वृक्षाच्या शेंड्याशी तयार झालेले फलित पुन्हा खाली पसरविता येते. दुसऱ्या एका पद्धतीत प्रत्येक पायरीत दोन-दोन कार्ये परस्परांशी आकड्यांची अदलाबदल करतात. तीत ६४ कार्यांपैकी प्रत्येकाजवळ सहाव्या पायरीअखेर संपूर्ण बेरीज असते. एका आकड्याऐवजी लांबलचक यादी मिळवावयाची असल्यास तिचे तुकडे करून प्रत्येक कार्याकडे एका तुकड्याची बेरीज सोपवितात आणि नंतर तयार तुकडे सर्वांना वाटतात.

ही क्रिया सामूहिक आहे. समूहातील प्रत्येक कार्याने तीत भाग घेतलाच पाहिजे. एका तालुक्याचे पत्रक आले नाही, तर जिल्ह्याची बेरीज अडते, त्याचप्रमाणे एक कार्य मागे राहिले, तर त्यावर अवलंबून असलेली सर्व कार्ये खोळंबतात. आज्ञावलीतील चुकीमुळे एखादे कार्य संकलनात सामीलच झाले नाही, तर कायमची कोंडी होते आणि यंत्र चालू असूनही काम पुढे सरकत नाही. म्हणून समांतर गणनेचा वेग सरासरी प्रक्रियकावरून ठरत नाही. तो सर्वांत मागे राहिलेल्यावरून ठरतो. कामाची वाटणी समतोल करण्यावर एवढा भर देण्याचे कारण हेच होय.

कल्पनेचा विकास : ब्रिटिश वातावरणवैज्ञानिक ल्यूइस फ्राय रिचर्ड्‌सन (१८८१–१९५३) यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हवामान-अंदाजाच्या गणितावरील ग्रंथात एका भव्य गणनागृहाची कल्पना मांडली. त्यात ६४,००० माणसे पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांच्या हवामानाचे गणित एकाच वेळी करीत आहेत आणि मधोमध उंच आसनावर बसलेला प्रमुख सर्वांचा वेग सारखा राखीत आहे, असे त्यांनी वर्णिले आहे. पुढे गेलेल्या विभागावर तो गुलाबी व मागे पडलेल्यावर निळा प्रकाशझोत टाकतो. प्रत्यक्षात रिचर्ड्‌सन यांनी एकट्याने हाताने केलेला २० मे १९१० या दिवसाचा गणिती अंदाज पार चुकला होता. तथापि काम वाटल्यानंतर सर्वांना एका ठेक्यावर ठेवणे हीच खरी अडचण आहे, हे त्यांनी पहिल्या संगणकाच्या आधी ओळखले होते.

कॅनडात जन्मलेले गणितज्ञ केनेथ आयव्हरसन (१९२०–२००४) यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या संकेतनात सबंध यादीवर एखादी क्रिया लावून तिचे एका आकड्यात रूपांतर करण्यासाठी स्वतंत्र चिन्ह होते. बेरीज, गुणाकार, महत्तम या सर्वांसाठी एकच चिन्ह वापरता येत असल्याने संकलन ही एक सर्वसामान्य क्रिया म्हणून पुढे आली. १९६७ मध्ये जीन अम्डाल (१९२२–२०१५) यांनी गणनेचा जो भाग वाटता येत नाही, तोच अखेर संपूर्ण गणनेच्या वेगावर मर्यादा घालतो, हे दाखवून दिले. संकलनावर खर्च होणारा वेळही या मर्यादेत भर घालतो.

टोनी होअर यांनी १९७८ मध्ये संदेशांद्वारे परस्परांशी बोलणाऱ्या स्वतंत्र प्रक्रियांचा सिद्धांत मांडला. त्यावर आधारलेली ऑकम ही भाषा व ट्रान्सप्यूटर हा प्रक्रियक ब्रिटनमधील इनमॉस या कंपनीने १९८० च्या दशकात बाजारात आणला. एकाच सिलिकॉन-पटलावर प्रक्रियक, थोडी स्मृती व शेजाऱ्यांशी जोडणारे चार दुवे हे त्याचे वैशिष्ट्य होते. एक दुवा वरच्या प्रक्रियकाशी व तीन खालच्या प्रक्रियकांशी जोडले, की संकलनाचा वृक्ष जणू तारांनीच उभा राही.

या काळात प्रत्येक यंत्राची संदेशपद्धती वेगळी असल्याने एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर चालत नसे. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९८९ मध्ये सुरू झालेल्या पीव्हीएम या प्रणालीने निरनिराळ्या संगणकांना एकत्र जोडण्याची सोय केली. त्यानंतर सु. ४० संस्थांच्या सहभागाने तयार झालेले एमपीआय हे मानक १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. समूहातील कार्यांची फलिते बेरीज, गुणाकार, महत्तम, लघुतम इ. क्रियांनी एकत्र करणे, फलित एकास किंवा सर्वांस देणे आणि चढत्या बेरजा काढणे यांसाठी त्यात तयार आज्ञा होत्या. संकलन अंतर्गत रीतीने कसे करावे, हे मात्र मानकाने ठरविले नाही. त्यामुळे आज्ञावली लिहिणारास फक्त काय हवे ते सांगावे लागते आणि वृक्षाची निवड यंत्राच्या रचनेनुसार होते. २०१२ च्या तिसऱ्या आवृत्तीत संकलन चालू असताना कार्यांना दुसरे काम करता यावे, अशीही तरतूद झाली. कनेक्शन मशीन–५ (१९९१) व आयबीएमचा ब्ल्यू जीन/एल (२००४) या महासंगणकांत तर संकलनासाठी स्वतंत्र जाळेच बसविलेले होते.

महाराष्ट्रातील समांतर संगणन : अमेरिकेने १९८० च्या दशकात महासंगणकांच्या निर्यातीवर कडक निर्बंध घातले होते. भारतास हवामान-अंदाजासाठी क्रे एक्स-एमपी हा संगणक मिळाला. परंतु त्याच्या वापरावर अटी होत्या. या परिस्थितीत १९८८ मध्ये पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाले. अकोला जिल्ह्यातील मुरंबा येथे जन्मलेले विजय भटकर (जन्म १९४६) हे त्याचे पहिले प्रमुख होत. एकच अतिवेगवान प्रक्रियक बनविण्याची साधने देशात नव्हती. म्हणून बाजारात मिळणारे अनेक साधे प्रक्रियक जोडण्याचा मार्ग केंद्राने पत्करला. १९९१ मध्ये सिद्ध झालेला परम ८००० हा संगणक ट्रान्सप्यूटरांचा बनलेला होता. त्याच्या एका गटात ६४ प्रक्रियक असत आणि असे गट जोडून यंत्र वाढविता येई. याच सुमारास बंगलोर येथील राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचा फ्लोसॉल्व्हर (१९८६) व मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा अनुपम (१९९१) हे समांतर संगणकही तयार झाले.

या मार्गाचे यश केवळ प्रक्रियकांच्या संख्येवर अवलंबून नव्हते. ट्रान्सप्यूटरच्या दुव्यावरून सेकंदाला दोन कोटी अंश (बिट) जाऊ शकत. तरीही संदेश पाठविण्यास लागणारा वेळ एका बेरजेच्या वेळेच्या अनेक पट असे. म्हणून यंत्राबरोबरच संदेशवहन व संकलन कार्यक्षमतेने करणाऱ्या आज्ञावली तयार करणे, हे केंद्राच्या कामाचे महत्त्वाचे अंग बनले. परमची पारस ही आज्ञावली-प्रणाली त्यातूनच विकसित झाली. पुढे परम १०००० (१९९८), परम पद्म (२००३), परम युवा (२००८), परम युवा–२ (२०१३) व परम सिद्धी (२०२०) ही यंत्रे आली. टाटा उद्योगसमूहाच्या पुणे येथील संगणकीय संशोधन प्रयोगशाळेचा एका हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगातील पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर होता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शिक्षणासाठी परम सिद्धीसारखी यंत्रे वापरतात, तेव्हा प्रत्येक प्रक्रियक वेगवेगळी उदाहरणे तपासतो आणि प्रतिमानात करावयाच्या दुरुस्त्यांची सरासरी सर्वांमध्ये वाटली जाते. ही क्रिया लक्षावधी वेळा होत असल्याने तेथेही संकलनाचा वेग निर्णायक ठरतो.

क्रमाचा प्रश्न : शालेय गणितात बेरीज क्रमनिरपेक्ष व साहचर्य गुणधर्म पाळणारी असते, म्हणजे आकडे कोणत्याही क्रमाने व कसेही गट करून मिळविले, तरी उत्तर एकच येते. संगणकातील अपूर्णांकांच्या बेरजेत गटांविषयीचा हा नियम तंतोतंत पाळला जात नाही, कारण प्रत्येक संख्येसाठी ठराविक अंकांचीच जागा असते. सात अंक मावतील अशा यंत्रात १०,००,००० मध्ये ०.४ मिळविल्यास उत्तर १०,००,०००.४ यावयास हवे. परंतु आठव्या अंकास जागा नसल्याने ते पुन्हा १०,००,००० होते. असे दहा वेळा केले, तरी उत्तर बदलत नाही. याउलट दहा वेळा घेतलेल्या ०.४ ची बेरीज आधी केल्यास ती ४ होते आणि अंतिम उत्तर १०,००,००४ येते. आकडे तेच, क्रिया तीच. परंतु गट बदलल्याने उत्तर बदलले.

वृक्षाकार संकलनात गट कसे पडतील, हे कार्यांच्या संख्येवर अवलंबून असते. त्यामुळे तीच आज्ञावली ६४ प्रक्रियकांवर व १२८ प्रक्रियकांवर चालविल्यास शेवटच्या अंकांत फरक पडू शकतो. संदेश ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने ते मिळविले, तर एकाच यंत्रावरील दोन वेळांच्या गणनाही तंतोतंत जुळत नाहीत. बहुतेक कामांत असा फरक नगण्य असतो. हवामानाच्या गणितात मात्र तसे नेहमीच म्हणता येत नाही. अमेरिकन वातावरणवैज्ञानिक एडवर्ड लोरेन्झ (१९१७–२००८) यांना १९६१ मध्ये असे आढळले, की सहा दशांश स्थळांची संख्या तीन स्थळांपर्यंत कमी करून गणना पुन्हा सुरू केल्यास काही काळाने हवामानाचे संपूर्ण वेगळे चित्र मिळते. पूर्णनाने आलेला अत्यल्प फरकही अशाच रीतीने वाढत जातो.

यावर अनेक उपाय योजिले जातात. विल्यम कॅहॅन यांनी १९६५ मध्ये सुचविलेल्या रीतीत प्रत्येक बेरजेत गळालेला अंश बाजूला जपून पुढील बेरजेत घेतात. दुसऱ्या रीतीत संख्यांचे पूर्णांकांत रूपांतर करून बेरीज करतात, कारण जागा पुरत असल्यास पूर्णांकांची बेरीज साहचर्य गुणधर्म पाळते. या उपायांना अधिक वेळ लागतो. म्हणून वेग हवा की पुन्हा पडताळता येणारे उत्तर हवे, याचा निर्णय यंत्र करीत नाही; तो माणसास करावा लागतो. जुन्या गोषवाऱ्यात प्रत्येक पायरीवर एखादा कारकून ताळा पाही आणि विसंगत आकडा त्याच्या नजरेस येण्याची शक्यता असे. यंत्रातील मधल्या पायऱ्यांवरील बेरजा सामान्यतः कोणीही पाहत नाही. त्यामुळे ताळ्याची सोय आज्ञावलीतच करून ठेवावी लागते.

हवामान-अंदाज व परभणी : पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये प्रत्यूष हा ४ पेटाफ्लॉप क्षमतेचा, तर सप्टेंबर २०२४ मध्ये अर्क हा ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक कार्यान्वित झाला. (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला दहा कोटी कोटी अंकक्रिया.) या संस्थेने विकसित केलेली भारत अंदाज प्रणाली २६ मे २०२५ रोजी राष्ट्रास अर्पण करण्यात आली. तीत पृथ्वीचा पृष्ठभाग सु. ६ किमी. बाजूच्या चौकोनांत विभागलेला असतो. पूर्वीच्या प्रतिमानात ही बाजू सु. १२ किमी. होती. सव्वासहा हजार चौ. किमी.च्या आसपास क्षेत्रफळ असलेल्या परभणी जिल्ह्यावर पूर्वी चाळीसहून थोडे अधिक चौकोन पडत. आता ते पावणेदोनशेच्या आसपास पडतात. संपूर्ण पृथ्वीसाठी असे सु. १.४ कोटी चौकोन होतात.

या प्रतिमानांत हवेची स्थिती अनेक लांबींच्या लहरींच्या साहाय्याने मांडतात. प्रत्येक लहरीचा गुणांक काढण्यासाठी पृथ्वीवरील सर्व बिंदूंवरील मूल्यांचे संकलन करावे लागते आणि ते गणनेच्या प्रत्येक टप्प्यात पुनःपुन्हा होते. तात्पर्य, परभणीवरील चौकोनाचे उद्याचे गणित हे केवळ परभणीच्या शेजारच्या आकड्यांवर होत नाही; हिंदी महासागरावरील व हिमालयावरील आकडेही त्यात मिळविलेले असतात. प्रक्रियकांची संख्या वाढवूनही अंदाजाचा वेग त्याच प्रमाणात वाढत नाही, याचे एक कारण या संकलनात सापडते.

एकाच गणनेवर विसंबणे धोक्याचे असल्याने जून २०१८ पासून भारतात किंचित भिन्न प्रारंभिक स्थितींपासून सुरू केलेल्या २१ गणनांचा समूह वापरण्यात येऊ लागला. येथे संकलन दुसऱ्या पातळीवर होते. समजा, २१ पैकी १४ गणनांनी एखाद्या ठिकाणी जोराचा पाऊस दाखविला, तर त्याची शक्यता दोन-तृतीयांश मानता येते. त्याच २१ आकड्यांची केवळ सरासरी काढल्यास मध्यम पाऊस दिसेल आणि धोक्याची सूचना हरवेल. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या (स्थापना १९७२) ग्रामीण कृषी मौसम सेवेतर्फे मराठवाड्यासाठी हवामानावर आधारित कृषिसल्ला प्रसिद्ध केला जातो. सोयाबीनची काढणी लांबवावी की उरकावी, कापसावर फवारणी करावी की थांबावे, हे शेतकरी ज्या अंदाजावरून ठरवितो, तो अशा संकलनांच्या अनेक थरांतून आलेला असतो.

क्रियेची निवड : सरासरीचे संकलन विशेष काळजीने करावे लागते. एका तालुक्यातील तीन मंडळांत सरासरी ६० मिमी. व दुसऱ्या तालुक्यातील सहा मंडळांत सरासरी ३० मिमी. पाऊस पडला, अशी कल्पना केल्यास दोन सरासऱ्यांची सरासरी ४५ मिमी. येते, नऊ मंडळांची खरी सरासरी मात्र ४० मिमी. आहे. म्हणून वृक्षाच्या प्रत्येक पायरीवर सरासरी न पाठविता बेरीज व संख्या अशी जोडी पाठवितात आणि भागाकार फक्त शेंड्याशी करतात. हा नियम यंत्राइतकाच कचेरीतील पत्रकासही लागू आहे.

बेरीज बिनचूक असली, तरी तिच्यातून घटक परत मिळत नाहीत, ही संकलनाची मूलभूत मर्यादा होय. महाराष्ट्रात २४ तासांत एखाद्या महसूल मंडळात ६५ मिमी.हून अधिक पाऊस झाल्यास ती अतिवृष्टी मानण्यात येते. त्यासाठी २०१७ पासून महावेध प्रकल्पाद्वारे सु. दोन हजार महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. केंद्र मंडळात एका ठिकाणी असते. पाऊस मात्र मंडळातील सर्व गावांवर सारखा पडत नाही. पंतप्रधान पीकविमा योजनेत (२०१६ पासून) मुख्य पिकांसाठी सामान्यतः महसूल मंडळ हा घटक धरून पीककापणी प्रयोगांवरून सरासरी उत्पन्न काढतात. गेल्या सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी व जोखीमस्तर यांवरून उंबरठा उत्पन्न ठरते. मंडळाची सरासरी त्याखाली गेली, तरच त्या आधारावर भरपाई मिळते. मंडळातील एका गावचे पीक बुडाले आणि इतर गावांचे चांगले आले, तर सरासरीत त्या गावाचे नुकसान विरघळून जाते. पैसेवारीची पद्धत याहून वेगळी आहे. तीत गाव हा घटक असल्याने अंतिम पैसेवारी ५० पैशांहून कमी असलेली गावे स्वतंत्रपणे ओळखता येतात. एकाच हंगामातील एकाच शेताची नोंद एका पद्धतीत बुडीत व दुसऱ्या पद्धतीत समाधानकारक ठरू शकते. दोन्हींतील बेरजा बरोबर असतात. फरक घटकाच्या व क्रियेच्या निवडीत असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीने खरीप पिकांची मोठी हानी झाली, तेव्हा नुकसान कोणत्या घटकावर मोजावे, हा प्रश्न पुन्हा महत्त्वाचा ठरला.

संगणकशास्त्रात या मर्यादेवर उपाय म्हणून एकाऐवजी अनेक संकलने एकाच फेरीत केली जातात. बेरजेबरोबर महत्तम, लघुतम, घटकसंख्या आणि टोकाचे मूल्य कोणत्या कार्याजवळ आढळले त्याचा क्रमांकही वर पाठविता येतो. एमपीआय मानकात अशा क्रियेची तरतूद पहिल्या आवृत्तीपासून आहे. संदेश पाठविण्याचा मुख्य खर्च फेरीचा असल्याने दोन-चार आकडे अधिक नेण्यास फारसा जादा वेळ लागत नाही. जिल्ह्याच्या सरासरीबरोबर सर्वांत कमी पावसाच्या मंडळाचे नाव वर पोहोचले, तर वरच्या कचेरीस त्या मंडळाचा मूळ तपशील मागविता येतो. मूळ आकडे जतन करणे हाही तितकाच आवश्यक भाग आहे. यंत्रे वेगवान झाल्याने काम वाटून देणे पूर्वीपेक्षा स्वस्त झाले आहे. फलितांची विश्वसनीयता मात्र ती कोणत्या गटांत, कोणत्या क्रमाने व कोणत्या क्रियेने एकत्र केली यावरच पूर्वीप्रमाणे अवलंबून आहे.